कधी चालतं, कधी नाही: आरएस-४८५ आणि आरएस-२३२ लाइनवर काठावर आलेली लेव्हल कशी पकडायची

प्रश्न थोडक्यात असा. गोरेगावच्या एका सोसायटीत तीन विंग मिळून चौदा वीजमीटर एकाच आरएस-४८५ लाइनवर (ए आणि बी या दोन तारांमधल्या व्होल्टेजच्या फरकाने डेटा नेणारी लाइन) आहेत. बोलण्याची पद्धत मॉडबस (मास्टर एकेका मीटरला विचारतो, तो उत्तर देतो), वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, इव्हन पॅरिटी. मास्टर पॅनेल पंपरूममध्ये आहे आणि तिथून आरएस-२३२ ची (दोन उपकरणांमधल्या सिरियल जोडणीची) केबल ऑफिसातल्या पीसीपर्यंत जाते. जूनपासून सी विंगमधले दोन-तीन मीटर सकाळी गायब होतात आणि दुपारी आपोआप परत येतात. पीसीचा संपर्कही अधूनमधून तुटतो. मल्टिमीटरवर ए आणि बी यांच्यात लाइन शांत असताना ०.०३ व्होल्ट आणि चालू असताना ‘एक-सव्वा व्होल्ट’ दिसतात. ट्रान्सीव्हर आयसी (लाइनवर सिग्नल पाठवणारी आणि ऐकणारी चिप) तीनदा बदलली; दर वेळी दोन दिवस ठीक, मग पुन्हा तेच.

चौथी आयसी लावू नका. आयसी बदलताना तुम्ही नकळत आणखी चार गोष्टी करता: कनेक्टर काढून पुन्हा बसवता, टर्मिनलचे स्क्रू आवळता, पॅनेलचं दार तासभर उघडं ठेवता आणि सोल्डरिंगच्या उष्णतेने बोर्डाचा तो कोपरा वाळवता. दोन दिवसांचं श्रेय आयसीला मिळतं, काम मात्र या चारांपैकी एकाने केलेलं असतं. मेलेली आयसी दुपारी जिवंत होत नाही. जे सकाळी रुसतं आणि दुपारी चालतं ते सर्किट काठावर उभं असतं. काठ कुठे आहे आणि सकाळी त्याला कोण ढकलतं, एवढंच शोधायचं आहे.

काठ आकड्यांत मांडता येतो. आरएस-४८५ मध्ये ड्रायव्हरने (पाठवणाऱ्या भागाने) ५४ ओमच्या लोडवर किमान १.५ व्होल्टचा फरक द्यायचा आणि रिसीव्हरने (ऐकणाऱ्या भागाने) २०० मिलिव्होल्टचा फरक ओळखायचा. मधले १.३ व्होल्ट वायर, जोड, गंज आणि नॉइज यांच्यासाठी राखलेले. फरक अधिक २०० ते उणे २०० मिलिव्होल्टच्या आत आला, की रिसीव्हर शून्य म्हणेल की एक, याची हमी कोणीच देत नाही. एक आयसी ५० मिलिव्होल्टवर पालटते, दुसरी उणे ८० वर, आणि दोन्ही स्पेसिफिकेशनच्या आतच असतात. त्याच लाइनवर अकरा मीटर ऐकतात आणि तीन ऐकत नाहीत, त्याचं कारण हेच.

तुमचा ‘एक-सव्वा व्होल्ट’ हा आकडा बाजूला ठेवा. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांची असते आणि मल्टिमीटर सेकंदात दोन-तीनदाच वाचन दाखवतो. शून्य, एक आणि मधली शांतता यांची सरासरी करून तो जे सांगतो त्याला काही अर्थ नसतो. ज्या एका बिटमुळे फ्रेम (पूर्ण संदेश) फुटते ती त्याला कधीच दिसणार नाही. शांत लाइनवरचे ०.०३ व्होल्ट मात्र खूप बोलतात, त्याकडे येऊच.

मल्टिमीटर हातात घेण्याआधी मास्टरचा लॉग पाहा. टाइमआउट आणि सीआरसी (संदेश वाटेत बिघडला का हे तपासणारा आकडा) एरर वेगवेगळे मोजा. टाइमआउट म्हणजे मीटरला प्रश्न नीट पोचला नाही किंवा त्याचं उत्तर निघालंच नाही; सीआरसी एरर म्हणजे उत्तर आलं, पण मास्टरने ते चुकीचं ऐकलं. फक्त टाइमआउट असतील तर सी विंगच्या टोकाला शोधा, सीआरसी जास्त असतील तर मास्टरचा रिसीव्हर आणि त्याचा सप्लाय आधी बघा. प्रत्येक एररची वेळ पंप चालू होण्याच्या वेळेशी ताडून पाहा. सकाळी पाण्याच्या वेळेला एरर आणि दुपारी शांतता असेल, तर ओलावा आणि पंप असे दोन संशयित आहेत, आणि दोघे एकत्र काम करत असण्याची शक्यता बरीच आहे.

आता लाइनचा सप्लाय बंद करा. मास्टरसह सगळे नोड (लाइनवरची उपकरणं) बंद असताना मास्टरच्या टर्मिनलवर ए आणि बी यांच्यातला रेझिस्टन्स मोजा. दोन्ही टोकांना १२० ओमचा एकेक टर्मिनेटर (ए-बीमध्ये लावलेला टोकाचा रेझिस्टर) असेल आणि केबल छोटी असेल तर ६० ओमच्या आसपास यायला हवा. केबल लांब असेल तर जरा जास्त येतो. २४ गेजच्या तारेच्या दोन्ही बाजू मिळून दर मीटर लांबीला साधारण ०.१७ ओम, म्हणजे ३०० मीटरला ५० ओम. तेव्हा मास्टरच्या टोकाकडून वाचन येईल १२० आणि १७० यांचं समांतर, सुमारे ७० ओम. तो दोष नाही. १२० च्या जवळ आलं तर लांबच्या टोकाचा टर्मिनेटर नाही किंवा मधे जोड तुटला आहे. ४० आलं तर कुणीतरी मधल्या नोडवर तिसरा टर्मिनेटर ठेवला आहे.

बाजारात मिळणारी छोटी निळी मॅक्स४८५ मॉड्यूल (याच नावाच्या ट्रान्सीव्हर आयसीचे तयार बोर्ड) कुठे लावली असतील तर ती आधी शोधा. त्यांच्यावर १२० ओमचा रेझिस्टर बसवूनच येतो. अशी दहा मॉड्यूल एका लाइनवर टाकली की लोड १२ ओमवर येतो. ड्रायव्हरची हमी आहे ती ५४ ओमवर १.५ व्होल्टची, म्हणजे सुमारे २८ मिलिअँपिअरची; तेवढ्याच करंटवर १२ ओममध्ये जेमतेम ०.३४ व्होल्ट उभे राहतात. प्रत्यक्षात आयसी थोडा जास्त करंट देते, म्हणून टेबलावर सगळं चालतं आणि सोसायटीत चालत नाही. टोकाचे दोन सोडून बाकी सगळ्यांवरचा तो रेझिस्टर उपटून काढा.

वाचन घेताना केबल हलवा, टर्मिनलजवळची तार बोटाने दाबा. आकडा नाचला तर दोष तिथेच. मुंबईच्या खाऱ्या हवेत टर्मिनलमधलं तांबं हिरवं पडतं, आणि बारीक तारांचा पिळा सरळ स्क्रूखाली दिला असेल तर तो वर्षभरात ढिला होतो. हिरवी झालेली तार घासून पुन्हा लावू नका. दोन इंच कापा, चकचकीत तांबं येईपर्यंत मागे जा, फेरूल (तारेच्या टोकावर बसणारी धातूची नळी) चढवा आणि मग आवळा.

सप्लाय सुरू करा, पण मास्टरचं पोलिंग (मीटरांना एकेक करून विचारणं) थांबवून ठेवा. आता ए-बीमध्ये किमान अधिक २०० मिलिव्होल्ट हवेत. तुमच्याकडे ३० आहेत. कारण बहुधा हे: बोर्डावर ए ला ५ व्होल्टकडे आणि बी ला ग्राउंडकडे ४.७ किलोओमचे बायस रेझिस्टर (शांत लाइनला ‘एक’वर धरणारे) आहेत. हिशोब करा: ५ गुणिले ६०, भागिले ९४६०, म्हणजे ३२ मिलिव्होल्ट. टर्मिनेटर नसलेल्या छोट्या लाइनवर ४.७ किलोओम पुरतात. दोन टर्मिनेटर लागले की ते नसल्यात जमा होतात. मग शांत लाइनवर पंपाच्या कॉन्टॅक्टरचा एखादा झटका स्टार्ट बिट म्हणून वाचला जातो, खऱ्या फ्रेमच्या आधी एक फालतू बाइट घुसतो, मीटरला सीआरसी चुकलेली दिसते आणि तो गप्प बसतो. मास्टरच्या लॉगमध्ये टाइमआउट उमटतो.

उपाय: मास्टरच्या बोर्डावर, आणि फक्त तिथेच, ४.७ किलोओमच्या जागी ५६० ओमचे दोन पाव वॅटचे रेझिस्टर. ५ गुणिले ६०, भागिले ११८०, म्हणजे २५४ मिलिव्होल्ट. नोड वाढतील तसा हा आकडा थोडा खाली सरकतो. सगळ्या नोडवर ५६० लावायचा मोह टाळा. चौदा ठिकाणी लावले तर ड्रायव्हरवरच ओझं पडेल. बदलायची सोय असेल तर मला दुसरा मार्ग जास्त पटतो: मॅक्स४८५ च्याच पिनांवर बसणारी मॅक्स३०८२. तिचा उंबरठा उणे २०० ते उणे ५० मिलिव्होल्ट असतो, म्हणजे शून्य फरक आला तरी ती ‘एक’च म्हणते. शिवाय तिच्या कडा मंद केलेल्या असतात, त्यामुळे मीटरकडे उतरलेल्या फाट्यांवरून परत येणारे ठोके कमी होतात. ९६०० बॉडला २.५ मेगाबिटची मॅक्स४८५ वापरणं म्हणजे गल्लीत ट्रक घालणं.

जाता जाता: ए आणि बी ही नावं सगळीकडे सारखी नसतात. मूळ मानकात आणि आयसीच्या पिनांवर ती एकमेकांच्या उलट आहेत, आणि मीटरवाले मनाला येईल तसं छापतात. शांत लाइनवर जी तार वर राहते ती प्लस, एवढंच लक्षात ठेवा. नवा मीटर लावल्याबरोबर पूर्ण लाइन बसली तर तारा अदलाबदल करून पाहायला एक मिनिट लागतं.

आता पोलिंग सुरू करा आणि ऑसिलोस्कोप लावा. दोन चॅनेल, एक ए ला, एक बी ला, दोघांचे ग्राउंड क्लिप मास्टरच्या सिग्नल ग्राउंडला, आणि मॅथमध्ये पहिला वजा दुसरा. स्कोपचा ग्राउंड क्लिप थेट अर्थिंगशी जोडलेला असतो. मीटरच्या आतल्या बोर्डाला तो लावू नका. बऱ्याच वीजमीटरांचं आतलं सर्किट मेन्सपासून वेगळं नसतं आणि क्लिप लागताच स्फोट होईल. स्कोपच्या प्लगची अर्थ पिन तोडणारे तंत्रज्ञ अजूनही भेटतात. त्यांच्यापैकी एक होऊ नका. स्वस्तातला आठ चॅनेलचा लॉजिक अ‍ॅनालायझर या कामाला निरुपयोगी आहे. तो फक्त शून्य-एक दाखवतो, आणि तुमचा आजार तर लेव्हलचा आहे.

निरोगी लाइनवर फरकाचे ठोके दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे, साधारण २ व्होल्ट किंवा जास्त. स्कोपमध्ये रंट ट्रिगर (खुजा ठोका आला की पकडणारी सोय) असेल तर खालची रेषा ०.३ आणि वरची १.५ व्होल्टवर ठेवा आणि सकाळी तासभर तसाच सोडा. खुजा ठोका सापडला की त्याचा आकार बघा, कारण प्रत्येक आजाराचा आकार वेगळा असतो.

एकाच नोडचे सगळे ठोके खुजे असतील तर त्या नोडचा सप्लाय किंवा ड्रायव्हर कमजोर आहे. सगळ्यांचेच खुजे असतील तर लाइनवर जादा लोड आहे. उत्तराच्या सुरुवातीच्या किंवा शेवटच्या बिट्स अर्ध्या उंचीच्या, जिन्याच्या पायरीसारख्या दिसल्या, तर दोन ड्रायव्हर एकाच वेळी लाइन ओढत आहेत. हा लेव्हलचा दोष दिसतो, पण मूळ असतं डीई पिनच्या, म्हणजे ड्रायव्हर चालू-बंद करणाऱ्या पिनेच्या, वेळेत.

डीईचे दोन नेहमीचे घोटाळे आहेत. पहिला सॉफ्टवेअरचा: प्रोग्राम ‘डेटा रजिस्टर रिकामं’ या खुणेवर डीई खाली आणतो. त्या क्षणी शेवटचा बाइट शिफ्ट रजिस्टरमधून बाहेर पडतच असतो, आणि तो कापला जातो. ‘प्रेषण पूर्ण’ ही खूण येईपर्यंत थांबायला हवं. उलट टोकाला, डीई फार उशिरा खाली आला तर मीटरच्या उत्तराशी टक्कर होते. मॉडबसला फ्रेमनंतर साडेतीन अक्षरांची शांतता हवी, ती ९६०० वर सुमारे ४ मिलिसेकंद. डीई सोडायला त्यातला एक मिलिसेकंदही लागू नये. टक्कर होत राहिली की आयसी तापते, तिचं थर्मल शटडाउन ड्रायव्हर बंद करतं, थंड झाली की पुन्हा चालू करतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आयसी अधूनमधून मरते.

दुसरा घोटाळा हार्डवेअरचा. रिसेटमध्ये मायक्रोकंट्रोलरच्या पिना हवेत लटकतात. तेव्हा डीईला खाली धरणारा रेझिस्टर नसेल तर नोड लाइन पकडून बसतो. त्या निळ्या मॉड्यूलांपैकी बऱ्याचांवर डीईला उलट वर ओढणारा १० किलोओम असतो. मल्टिमीटरने तपासा, असेल तर काढा आणि डीईपासून ग्राउंडला ४.७ किलोओम टाका. डीई आणि आरई (रिसीव्हर चालू-बंद करणारी पिन) एकत्र जोडले असतील तर पाठवताना आरओ पिन (रिसीव्हरचं आउटपुट) मोकळी पडते, म्हणून आरओला १० किलोओमने वर बांधा. त्याशिवाय पाठवताना यूएआरटीला (मायक्रोकंट्रोलरमधल्या सिरियल पोर्टला) स्वतःचेच भास होत राहतात.

पंपाकडे येऊ. ५ अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर डायरेक्ट स्टार्टरने सुरू झाली की पूर्ण लोडच्या पाच-सहा पट करंट काही क्षण ओढते. त्याने दोन गोष्टी होतात: व्होल्टेज बसतं, आणि पंपरूमचं ग्राउंड सी विंगच्या ग्राउंडपासून दूर सरकतं.

व्होल्टेजचा हिशोब जुन्या पॅनेलमध्ये नक्की करा. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ५ व्होल्टचा रेग्युलेटर ७८०५, अशी घराघरातली रचना घेऊ. शिखर १२.७, ब्रिजमध्ये १.४ गेले, उरले ११.३. मेन्स दहा टक्के बसला की हेच १० वर येतं. बोर्ड ३०० मिलिअँपिअर घेत असेल तर दोन शिखरांमधल्या १० मिलिसेकंदांत १००० मायक्रोफॅरडवर अंदाजे ३ व्होल्टची दरी पडते. ७८०५ ला आत सुमारे ७ व्होल्ट लागतात, कसंबसं भागतं. पण सात-आठ वर्षांनी कपॅसिटर सुकून ६०० मायक्रोफॅरड उरला असेल तर दरी ५ व्होल्टची होते, ७८०५ च्या आत ५ च्या थोडंच वर उरतं आणि बाहेरचा ५ व्होल्ट सेकंदाला शंभर वेळा कोसळतो. मल्टिमीटर तरीही ४.८-४.९ दाखवेल, कारण तो सरासरी सांगतो. म्हणून ट्रान्सीव्हरच्या आठव्या पिनेवर स्कोप लावा, पंप सुरू करून पाहा. ४.७५ च्या खाली कुठेही गेलेलं चालणार नाही. १००० च्या जागी २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ अंशांचा कपॅसिटर टाका आणि आयसीच्या अगदी पायाशी ०.१ मायक्रोफॅरड एक्स७आर सिरॅमिक आहे ना ते बघा. वायफाय मॉड्यूल, रिले आणि ट्रान्सीव्हर एकाच रेग्युलेटरवर असतील तर रिले वेगळे काढा.

ग्राउंडचा मुद्दा लोक टाळतात, कारण ‘आरएस-४८५ ला दोनच तारा लागतात’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं. ते चूक आहे. रिसीव्हर फक्त फरक बघत असला तरी ए आणि बी दोघीही त्याच्या स्वतःच्या ग्राउंडच्या हिशोबाने उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या आत राहाव्या लागतात. ड्रायव्हर चालू असताना एक तार साडेतीन व्होल्टच्या आसपास आणि दुसरी सव्वाच्या आसपास असते. म्हणजे दोन विंगच्या ग्राउंडमध्ये सव्वाआठ-साडेआठ व्होल्टचं अंतर पडलं की हद्द संपली. हे अंतर ५० हर्ट्‌झचं असतं, आणि मल्टिमीटर एसीवर ६ व्होल्ट दाखवतो तेव्हा शिखर साडेआठ असतं. ‘सहाच तर आहेत’ म्हणून सोडू नका.

मोजायची पद्धत सोपी आहे. केबलमधली एक मोकळी तार घ्या, सी विंगच्या टोकाला ती तिथल्या सिग्नल ग्राउंडला जोडा, आणि पंपरूममध्ये त्या तारेपासून मास्टरच्या ग्राउंडपर्यंत एसी आणि डीसी दोन्ही मोजा. मल्टिमीटर मॅक्सिमम-होल्डवर ठेवा, पंप चार-पाच वेळा चालू-बंद करा. तो क्षणिक झटका मल्टिमीटरला पूर्ण पकडता येत नाही, म्हणून वाचन ३ व्होल्टच्या पुढे गेलं तरी उपाय करा. छोटा उपाय: तीच तिसरी तार कायमची कॉमन म्हणून ठेवायची, आणि ज्या टोकांचं ग्राउंड अर्थला जोडलेलं आहे तिथे ती १०० ओम, अर्ध्या वॅटच्या रेझिस्टरमधून जोडायची, म्हणजे दोन अर्थमधला करंट तारेतून सुसाट वाहणार नाही. शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. शील्डलाच कॉमन बनवू नका.

इमारती वेगळ्या आणि अर्थिंगचे खड्डे वेगळे असतील तर मी छोट्या उपायात वेळ घालवणार नाही. विंगच्या तोंडाशी आयसोलेटेड (दोन्ही बाजूंची ग्राउंड वेगळी ठेवणारा) ट्रान्सीव्हर बसवा: आयएसओ३०८२ किंवा एडीएम२४८३ ला वेगळा डीसी-डीसी लागतो, एडीएम२५८७ई मध्ये तो आतच असतो. वेगळा घ्यायचा तर १ वॅटचा बी०५०५एस चालतो, पण त्याचं आउटपुट रेग्युलेटेड नसतं आणि बिनलोडाचं ते ५ च्या बरंच वर चढतं. बाहेरच्या बाजूला २७० ओमचा रेझिस्टर टाकून थोडा लोड कायम ठेवा.

आता ओलावा. पावसाळ्यात इथल्या हवेला पाणी सोडायचं नसतं, आणि मीटररूम बहुधा जिन्याखाली, बिनखिडकीची. बोर्डावर राहिलेला सोल्डरिंगचा फ्लक्स पाणी शोषतो, त्यात मीठ मिसळतं आणि पिनांमध्ये काही दहा किलोओमची गळती तयार होते. टर्मिनेटर लावलेल्या ए-बीला त्याने फरक पडत नाही. ६० ओमपुढे ५० किलोओम म्हणजे काहीच नाही. गळती मारते ती मोकळ्या पिनांना: आधार नसलेली डीई, रिसेट, क्रिस्टलच्या पिना. दुपारी बोर्ड आणि खोली तापली की पाणी उडतं आणि मीटर परत येतात. खात्री करायला बिघाड चालू असताना त्या नोडवर हेअर ड्रायरने कोमट हवा दोन मिनिटं द्या. मीटर परतला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड घासा, पूर्ण वाळवा आणि मगच कन्फॉर्मल कोटिंगचे (बोर्डाला ओलाव्यापासून वाचवणाऱ्या लाखेचे) दोन हात द्या. ओल्या बोर्डावर कोटिंग दिलं तर पाणी आत कोंडलं जातं. कनेक्टर आणि टर्मिनलवर कोटिंग जाऊ देऊ नका.

ओलाव्यासारखाच वागणारा दुसरा चोर म्हणजे अर्धवट मेलेला टीव्हीएस (सर्ज गिळून आयसीला वाचवणारा) डायोड. जवळ कुठे वीज पडली किंवा सर्ज आला की तो पूर्ण शॉर्ट न होता गळका होतो. आरएस-४८५ साठी बनवलेला एसएम७१२ हा उणे ७ आणि अधिक १२ या हद्दी धरून असतो. त्याच्या जागी कुणी ५ व्होल्टचा साधा टीव्हीएस लावला असेल तर ग्राउंड थोडं सरकलं तरी तो लाइन कापायला लागतो. त्या नोडला लाइनपासून सोडवा, सप्लाय बंद करा, ए-ग्राउंड आणि बी-ग्राउंड रेझिस्टन्स मोजा. दोन्ही वाचनं जवळपास सारखी यायला हवीत. एक काही किलोओम आणि दुसरं कितीतरी जास्त आलं तर आधी टीव्हीएस उचलून पुन्हा मोजा, आयसीला नंतर हात लावा.

पीसीच्या बाजूचा आजार वेगळा आहे. आरएस-२३२ ची आयसी मॅक्स२३२ ५ व्होल्टपासून स्वतःच अधिक आणि उणे व्होल्टेज तयार करते, आणि तिच्यातला तो चार्ज पंप चार कपॅसिटरवर चालतो. ग्राउंडच्या, म्हणजे पंधराव्या पिनेच्या हिशोबाने दुसऱ्या पिनेवर अधिक ९-१० आणि सहाव्या पिनेवर उणे ९-१० व्होल्ट मोकळ्या अवस्थेत दिसायला हवेत. पीसी जोडल्यावर दोन्ही ७-८ वर उतरले तरी ठीक. सहावी पिन उणे ३ वर घसरली असेल तर चौथ्या-पाचव्या पिनेमधला कपॅसिटर आणि सहाव्या पिनेचा कपॅसिटर बदला. सहाव्या पिनेच्या कपॅसिटरचा प्लस ग्राउंडकडे असतो. तो उलटा लावलेले बोर्ड सर्रास सापडतात आणि वर्ष-दोन वर्षं चालतातही. साध्या मॅक्स२३२ ला १ मायक्रोफॅरड लागतो, मॅक्स२३२ए ला ०.१ पुरतो. नाव वाचूनच कपॅसिटर घ्या.

इथे एक फसवी गोष्ट आहे. मानकाप्रमाणे रिसीव्हरला उणे ३ च्या खाली ‘एक’ आणि अधिक ३ च्या वर ‘शून्य’ दिसायला हवा. पण मॅक्स२३२ सारख्या आयसीचा रिसीव्हर १.२ ते १.७ व्होल्टच्या आसपास पालटतो, म्हणून तिला ० व्होल्टही ‘एक’ वाटतो. तुमच्या बोर्डाची उणे बाजू पूर्ण मेली, टीएक्स लाइन शांत असताना ० वर बसली, तरी एक पीसी व्यवस्थित वाचतो आणि दुसरा वाचत नाही, किंवा तोच पीसी ग्राउंडमध्ये थोडं नॉइज आलं की अडखळतो. लाइनवरून वीज घेणारा पोर्ट-पॉवर्ड कन्व्हर्टर लावला असेल तर तो आधी काढून बघा. मॅक्स२३२ च्या चार्ज पंपाकडे त्याला पोसण्याइतकी ताकद नसते.

पंपरूम ते ऑफिस अंतरही बघा. आरएस-२३२ ची केबल २५०० पिकोफॅरडच्या आत हवी, आणि मीटरमागे १०० पिकोफॅरडची शील्ड केबल ४० मीटर ओढली की ४००० होतात. तिथे वेगळी आयसोलेटेड आरएस-४८५ जोडी टाकणं शहाणपणाचं. पीसीच्या प्लगला अर्थ नसेल तर त्याच्या बॉडीवर सुमारे ११५ व्होल्ट चढलेले असतात, फिल्टरच्या दोन कपॅसिटरमुळे. करंट फार थोडा, पण डीबी-९ (नऊ पिनांचा कनेक्टर) चालू स्थितीत जोडताना सिग्नलची पिन ग्राउंडआधी टेकली की पोर्ट जातो. दोन्ही बाजू बंद करूनच जोडा.

शेवटी लॉजिककडची बाजू. बोर्डावर ३.३ व्होल्टची मॅक्स३४८५ आणि ५ व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर असेल तर डेटाशीट उघडा. पीआयसी१६एफ८७७ए च्या आरएक्स पिनेला ‘एक’ ओळखायला सप्लायच्या ८० टक्के, म्हणजे ४ व्होल्ट लागतात, ३.३ तिथे हमीने कधीच पोचत नाहीत, नशिबाने पोचतात. एव्हीआर मायक्रोकंट्रोलरला ६० टक्के, म्हणजे ३ व्होल्ट पुरतात, म्हणजे हातात ०.३ उरले. उलट दिशेने, ३.३ व्होल्टचा मायक्रो ५ व्होल्टच्या मॅक्स४८५ ला डीआयवर (डेटा आत घेणाऱ्या पिनेवर) व्यवस्थित चालवतो, कारण तिला २ व्होल्टच लागतात. पण तिचा आरओ ५ व्होल्ट देतो, तो थेट ३.३ च्या पिनेत जाऊ देऊ नका. १ किलोओम आणि २ किलोओमचा विभाजक ९६०० ला पुरेसा आहे.

आयसी बदलायचीच वेळ आली आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून आणली, तर लावण्याआधी तपासा. नाव पुसून नवं छापलेल्या चिपा बाजारात फिरतात. ब्रेडबोर्डवर ५ व्होल्ट द्या, आरई आणि डीई वर, ए-बीमध्ये ५६ ओम. डीआय वर-खाली करा. दोन्ही दिशांना १.५ व्होल्टपेक्षा जास्त फरक मिळायला हवा. मग डीई आणि आरई खाली, ५६ ओम काढा, बी २.५ व्होल्टवर धरा आणि ए ला पोटेंशिओमीटरने हळू फिरवा. अधिक २०० मिलिव्होल्टला आरओ वर आणि उणे २०० ला खाली असायलाच हवा. याच स्थितीत सप्लायचा करंट मोजा: खरी मॅक्स४८५ अर्ध्या मिलिअँपिअरच्या आत राहते. काही दहा मिलिअँपिअर दिसले तर ती आतून जुनी बायपोलर ७५१७६ असण्याची शक्यता मोठी. ती चालेल, पण प्रत्येक नोडला असा जादा करंट त्याच थकलेल्या ७८०५ मधून जाणार आहे.